दुसऱ्या घरून आलेली बाटली

साठ-सत्तरच्या दशकात मुंबईतल्या असंख्य घरांची सकाळ आरेच्या दूध केंद्रासमोरच्या रांगेत सुरू व्हायची. हातात दुधाचं कार्ड आणि पिशवीत कालच्या, विसळून आणलेल्या रिकाम्या बाटल्या. रिकामी दिली की तारेच्या क्रेटमधून भरलेली मिळायची. तोंडावर पातळ ॲल्युमिनियमचं झाकण, अंगठ्यानं दाबलं की सुटणारं. बाटली जाड काचेची, खांद्याशी आणि बुडाशी घासून घासून पांढुरकी पडलेली. त्या पांढुरक्या पट्ट्यांत तिच्या फेऱ्यांची नोंद असायची. आज गिरगावातल्या एखाद्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात दाखल झालेली बाटली गेल्या आठवड्यात नागपाड्याच्या मोहल्ल्यात असू शकत होती, त्याआधी वांद्र्याच्या एखाद्या ख्रिस्ती घरात, त्याही आधी नायगावच्या बीडीडी चाळीत. ती कुणाच्या मोरीत विसळली गेली, कुणाच्या मुलानं थेट तोंडाला लावली, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. तरी ती घेतली जात होती आणि तिच्यातलं दूध देवापुढेही ठेवलं जात होतं.

दूध काचेच्या बाटलीत द्यावं की कागदी खोक्यात, हा वाद आज बहुधा कर्ब उत्सर्जनाच्या आकड्यांवर लढला जातो. ते आकडे महत्त्वाचे आहेतच. पण या निवडीच्या तळाशी एक फार जुना, धर्मशास्त्रानं आणि नीतिविचारानं पुन्हा पुन्हा हाताळलेला प्रश्न आहे. भांडं शुद्ध कशानं होतं? कुणाचाही हात लागला नाही म्हणून, की लागलेला हात धुऊन पुन्हा स्वीकारलं म्हणून? काचेची बाटली दुसरं उत्तर देते, एकदाच वापरायचं खोकं पहिलं. आणि या दोन उत्तरांमधून दोन वेगळे समाज उभे राहतात.

भारतीय परंपरेत या विषयाला स्वतंत्र नाव आहे: द्रव्यशुद्धी. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात शुद्धीचा विचार सविस्तर आला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्तूंची वर्गवारी त्यांच्या स्वभावानुसार केलेली दिसते. धातूची, रत्नांची आणि दगडाची भांडी राख, माती आणि पाणी यांनी शुद्ध होतात. मातीचं भांडं पुन्हा भट्टीत भाजावं लागतं, आणि मद्य, मलमूत्र, रक्त असलं काही लागलं असेल, तर भाजूनही उपयोग नाही; ते टाकूनच द्यायचं. यामागचा तर्क साधा आहे. जे शोषून घेत नाही ते धुता येतं. जे शोषून घेतं त्याला धुणं पुरत नाही. घराघरांत ही समजूत कालपरवापर्यंत जिवंत होती. ग्रहण सुटलं की माठातलं पाणी ओतून द्यायचं, सुतक फिटलं की माठच बदलायचा, पितळी हंडा मात्र चिंचेनं घासून पुन्हा जागेवर.

या हिशेबानं दुधाचं कागदी खोकं किंवा प्लास्टिकची पिशवी मातीच्या भांड्याच्या गटात बसते: एकदा वापरलं की टाकायचं. फरक इतकाच, आणि तो प्रचंड आहे, की फुटलेलं मडकं मातीला मिळतं. खोकं मिळत नाही.

त्याच पाचव्या अध्यायात दुधाविषयी एक लक्षणीय सूट आहे. पान्हा फुटताना वासराचं तोंड शुद्ध मानावं, असं तिथे सांगितलं आहे. ही सूट द्यावीच लागली असणार. वासरू आधी आचळांना तोंड लावतं, मग माणूस धार काढतो. म्हणजे काटेकोर पाहिलं तर घराघरातलं प्रत्येक भांडंभर दूध उष्टंच. शास्त्रकारांना हे टोचलं असावं आणि त्यांनी नियमात वाट काढली. पंढरपूरच्या नामदेवांनी वाट काढली नाही, त्यांनी नियमालाच प्रश्न विचारला. गुरू ग्रंथसाहिबात त्यांचं एक पद आहे. त्यात ते देवाच्या स्नानासाठी पाणी आणतात, तर पाण्यात असंख्य जीव. फुलं आणतात, तर भुंग्यानं आधी हुंगलेली. खिरीसाठी दूध आणतात, तर ते वासरानं आधीच चाखलेलं. मग अस्पर्श, कोरं असं देवाला द्यायचं काय? नामदेवांना उत्तर मिळतं ते विठ्ठल सगळीकडे भरून असण्यात. त्या जीवांत, भुंग्यात आणि वासरातही तोच असेल, तर त्यांच्या स्पर्शानं काही बाटण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या संताविषयी बालपणी देवाला दूध पाजल्याची कथा सांगितली जाते, त्यानंच दुधाच्या निमित्तानं हा विचार मांडावा, याचं मोल मोठं आहे. कोरेपणा ही शुद्धीची कसोटी धरली, तर जगात शुद्ध असं काहीच सापडणार नाही.

समाजानं मात्र नामदेवांचं पद गायलं आणि मनूचा नियम पाळला. गवळी दारात यायचा, तेव्हा घरातली बाई आपलं पातेलं पुढे करायची आणि तो मापानं वरून धार धरायचा. भांड्याला भांडं लागायचं नाही. दूध सगळ्यांकडून चालायचं, भांडं नाही. आणि दुधाचा उपयोग नुसता पिण्यासाठी नव्हता, ते शुद्धीचं साधनही होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी ते तळं ‘शुद्ध’ केलं: दूध, दही, शेण, गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात रिकाम्या केल्या. ज्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, ते माणसांच्या ओंजळीनं बाटलं आणि दुधानं धुऊन निघालं, असा तो विचार. ओंजळ लावण्याचा हक्क कायद्यानं पक्का व्हायला पुढे दहा वर्षं लागली. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूनं निकाल दिला.

महाडनंतर जेमतेम बावीस वर्षांनी, १९४९ साली, गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांनी बृहन्मुंबई दूध योजनेतून शहरातले गोठे बाहेर हलवले, दुधावर पाश्चरीकरणाचा संस्कार आणला आणि बाटलीबंद दूध घरोघर पोचवलं. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खुरोडींना हवं होतं ते भेसळीशिवायचं, जंतूंशिवायचं दूध. जातिभेद मोडणं हा त्यांच्या योजनेतला उद्देश नव्हता. पण फिरत्या बाटलीनं ते काम नकळत थोडं केलं. ज्या शहरात चहाच्या दुकानात कपाची जात विचारली गेली होती, तिथे दुधाच्या बाटलीची जात विचारणं अशक्य झालं. तिच्यावर ‘आरे’ लिहिलेलं होतं, घराचं नाव नव्हतं.

हे शक्य झालं धुण्यामुळे. बाटल्या धुण्याचं यंत्र जवळून पाहिलं तर त्यातली शिस्त कळते. रांगेनं आत गेलेली बाटली उलटी होते, आधी कोमट पाण्यानं उरलंसुरलं दूध निघतं, मग गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ती बुडते, आतून जोरदार फवारे बसतात, पुढच्या टप्प्यांत पाणी हळूहळू थंड होत जातं, कारण एकदम थंड पडलं तर काच तडकते. शेवटी प्रत्येक रिकामी बाटली उजळ पडद्यासमोरून सरकते. जुन्या डेऱ्यांत तिथे माणसं बसलेली असत, डोळे त्या पडद्यावर खिळवून. टवका, भेग, तळाला चिकटलेला डाग, कुणी बाटलीत ठेवलेल्या रॉकेलचा वास, यांतलं काहीही जाणवलं की ती बाटली बाजूला. हजारो अनोळखी घरांच्या वतीनं कुणीतरी त्या बाटलीकडे नीट पाहिलेलं असे.

न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न ज्यू धर्मशास्त्रानं दुधाच्याच बाबतीत फार बारकाईनं सोडवला आहे. परक्यानं काढलेलं दूध ज्यू माणसाच्या देखरेखीखाली काढलेलं असेल तरच घ्यावं, असा जुना नियम. निषिद्ध जनावराचं दूध मिसळलं जाण्याची भीती त्यामागे होती. विसाव्या शतकात न्यूयॉर्कसारख्या शहरात हे पाळायचं कसं? १९५०च्या दशकात रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी निर्णय दिला की, सरकारी तपासणी आणि दंडाची भीती यांमुळे कंपनीच्या दुधाबद्दल मिळणारी खात्री ही प्रत्यक्ष पाहण्याच्याच तोडीची आहे. सगळ्यांनी तो मानला नाही. आजही कडक पंथांची घरं देखरेखीखालचंच दूध घेतात. काचेविषयीही तिथे मतभेद आहेत. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ या ज्यू नियमग्रंथात लिहिलं की काच काहीच शोषत नाही, तिला धुणं पुरतं. पोलंडमधल्या क्राकोच्या मोशे इसेर्लिस यांनी टीप जोडली की वल्हांडण सणापुरतं तरी आपल्याकडे काचही कडकपणे वर्ज्य मानतात. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम शतकानुशतकं पाळत आले. त्यांच्या मटणाच्या रश्श्यात म्हणूनच नारळाचं दूध असतं. नियम कडक असला तरी माणसं त्यात जगण्याची रीत शोधतात. फाइनस्टाइन यांच्या निर्णयातला गाभा मोलाचा आहे: व्यवस्थित उभ्या केलेल्या सामूहिक तपासणीवर ठेवलेला विश्वास हे धर्माचरणच आहे, त्यात ढिलाई नाही.

कागदी खोक्याचा जन्म याच विश्वासाच्या बाजूला, पण उलट्या दिशेनं झाला. त्याआधी १८८०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम गावच्या हार्वे थॅचर या औषधविक्रेत्यानं दुधाची काचेची बाटली बाजारात आणली, ती उघड्या कॅनमध्ये पडणाऱ्या घाणीवर उपाय म्हणून. १९१५ साली ओहायोतल्या टोलीडो शहराच्या जॉन व्हॅन वॉर्मरनं घडी घालून मिटणाऱ्या कागदी खोक्याचं पेटंट घेतलं. एकदा वापरायचं आणि टाकायचं, धुणं नाही की परत आणणं नाही, ही त्याची खुबी. १९५१ साली स्वीडनमधल्या लुंड गावात रुबेन रॉसिंग यांनी टेट्रा पॅक कंपनी काढली, आणि पुढच्या दहा वर्षांत निर्जंतुक पॅकिंगचं तंत्र सिद्ध झालं: दूध काही सेकंद १३५ अंशांच्या वर तापवायचं, लगेच निववायचं आणि निर्जंतुक केलेल्या खोक्यात हवा न लागू देता भरायचं. असं दूध फ्रिजशिवाय काही महिने टिकतं.

या खोक्याचे गुण कमी लेखणं अप्रामाणिक ठरेल. लडाखच्या चौकीवर, पुरात वेढलेल्या गावात, वीज जाणाऱ्या आणि शीतपेटी नसलेल्या आरोग्य केंद्रात काचेची बाटली निरुपयोगी आहे. खोकं तिथे मुलांच्या पोटात दूध घालतं. प्रकाशानं दुधातलं रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्व नासतं आणि चव बिघडते. खोक्यात प्रकाश शिरत नाही, पारदर्शक काचेतून शिरतो. वजनाचा मुद्दा तर सरळच आहे. लिटरभराचं खोकं तीसेक ग्रॅमचं, लिटरची काचेची बाटली चारशे ग्रॅमच्या पुढे. ट्रकनं शेकडो किलोमीटर वाहायचं असेल, तर काचेबरोबर डिझेलही वाहावं लागतं. शिवाय काच वितळवायला सुमारे १,५०० अंशांची भट्टी लागते. एकदाच वापरून फेकलेली काचेची बाटली ही सगळ्यांत वाईट निवड, यावर पर्यावरणाचा हिशेब मांडणाऱ्यांत फारसा वाद नाही.

म्हणजे काच स्वतःच्या बळावर श्रेष्ठ ठरत नाही. ती परत आली, धुतली गेली, जवळच्याच डेरीत पुन्हा भरली गेली आणि हे वीस-पंचवीस वेळा झालं, तर चित्र पालटतं. इथे पर्यावरणाचा हिशेब आणि नीतीचा प्रश्न एकमेकांना येऊन मिळतात. काचेचं पुण्य काचेत नाही, परत येण्यात आहे. आणि परत येणं ही काही पदार्थाच्या अंगची गोष्ट नव्हे. त्यासाठी घरातल्या कुणीतरी बाटली विसळावी लागते, दुकानदारानं ती सांभाळावी लागते, डेरीनं ती मोजून घ्यावी लागते आणि पुढच्या घरानं ती दुसऱ्याची आहे हे माहीत असून घ्यावी लागते.

वस्तूच्या शेवटापर्यंत साथ देण्याचा हा विचार बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत, जितक्या तपशिलानं आला आहे तितका क्वचितच कुठे येतो. भिक्षूला पात्र हवं, पण कशाचं? सोनं, चांदी, रत्नं, स्फटिक, तांबं, कासं यांची पात्रं बुद्धानं वर्ज्य ठरवली आणि त्या यादीत काचही आहे. त्या काळी ती चैनीची वस्तू होती. परवानगी फक्त लोखंडाच्या आणि मातीच्या पात्राला. त्याहून लक्ष वेधणारा नियम पुढचा: जुन्या पात्राला पाच ठिगळं पडण्याआधी भिक्षूनं नवं पात्र मागायचं नाही. मागितलं तर तो दोष, आणि ते नवं पात्र संघाच्या स्वाधीन करायचं. बुद्धाचा शिष्य आनंद याची एक कथा विनयात येते. उदयन राजा त्याला विचारतो, एवढी नवी चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, मिळाली, तर जुन्यांचं काय करणार? आनंद सांगतो, त्यांची पांघरुणं होतील. पांघरुणं जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचं आंथरूण, मग पायपुसणं, मग धूळ झटकायचं फडकं, आणि शेवटी त्यांचे तुकडे चिखलात मळून जमीन सारवायची. राजाचं समाधान होतं. प्रत्येक पायरीवर वस्तू खाली उतरते, पण कुणीतरी तिचा हात धरून असतं.

दिगंबर जैन मुनींनी पात्राचा प्रश्न मुळातूनच सोडवला. त्यांच्याजवळ मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. आहार उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात हे दृश्य अनोळखी नाही. आचार्य शांतिसागर याच भागातले, आणि १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, घेतली. ज्याच्याजवळ भांडंच नाही, त्याचा कचराही नाही. गृहस्थाला हे जमणारं नाही, त्याच्यासाठी तो आदर्शही नाही. पण त्या टोकावरून पाहिलं की गृहस्थाच्या भांड्याची जबाबदारी किती, हे नीट दिसतं: जे घेतलं ते कुठे ठेवलं जाणार, हे त्यानं विचारलंच पाहिजे.

पिशवीतलं दूध घेणारा माणूस सोवळं पाळायला म्हणून ती घेत नाही, हे खरं आहे. ती स्वस्त पडते, हलकी असते, फुटत नाही, सकाळी दाराशी लटकावता येते. हेतूवर बोट ठेवण्याचं काही कारण नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. ‘कुणीही न शिवलेलं’ अशी वस्तू रोज हवी असेल, तर वापरलेली वस्तू रोज दुसऱ्या कुणीतरी शिवावी लागते. कोरेपणाच्या एका टोकाला स्वच्छ ओटा असतो आणि दुसऱ्या टोकाला कचऱ्याचा ढीग, ज्यात कुणाचे तरी हात कोपरापर्यंत असतात. पुण्यात त्या हातांची संघटना आहे: १९९३ साली स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातल्या बहुसंख्य बाया दलित समाजातल्या. तिच्या उभारणीत बाबा आढाव होते. १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसानं पुढे कचरावेचकांच्या पाठीशी उभं राहावं, यात एक सरळ रेषा आहे. पाणवठ्यावरचा विटाळ कायद्यानं गेला, पण ओल्या कचऱ्यात बरबटलेली दुधाची पिशवी कुणी उचलायची, याचं उत्तर जातीनं ठरत राहिलं. २००८ साली या बायांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं पुणे महापालिकेशी करार केला आणि घरोघरचा कचरा गोळा करणं हे मानाचं, मोबदल्याचं काम ठरवण्याच्या दिशेनं पाऊल पडलं.

त्यांच्या हातात येणारी वस्तू पाहावी. दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीनं पूर्ण कापला, की नखाएवढा त्रिकोण तयार होतो. पिशवी विकता येते, भंगारवाला घेतो. तो त्रिकोण कुणीच वेचू शकत नाही. तो गटारात जातो, शेतात जातो, गाईच्या पोटात जातो. कोपरा अर्धाच कापून पिशवीला लटकता ठेवला, तर हे टळतं. निर्जंतुक खोक्याची गोष्ट जास्त अवघड. त्यात सुमारे तीन-चतुर्थांश कागद, पाचव्या हिश्श्याच्या आसपास पॉलिथिन आणि पाचेक टक्के ॲल्युमिनियम, सहा-सात मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, असे सगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. वेगळे करायला पाण्यात घुसळणारी मोठी यंत्रं लागतात. कागदाचा लगदा निघतो, उरलेलं प्लास्टिक-ॲल्युमिनियम दाबून पत्रे होतात. मुंबईत काही दुकानांतून रिकामी खोकी गोळा करून त्यांच्या पत्र्यांपासून शाळांसाठी बाकं करण्याचा उपक्रम चालला, आणि तो चांगलाच आहे. मात्र खोकं पुन्हा खोकं होत नाही, आणि नेमलेल्या जागी नेऊन दिलं नाही तर ते बाकही होत नाही. वेष्टनानं आपल्या किमतीहून जास्त वाचवलं पाहिजे, असं रुबेन रॉसिंग यांचं सूत्र होतं. सूत्र उत्तम आहे. किमतीत वेचणाऱ्या बाईचा दिवसही धरला, तर त्याला पुरा अर्थ येईल.

२०२० सालच्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या घराघरांत दुधाच्या पिशव्या साबणानं धुतल्या गेल्या. वास्तविक पिशवी डेरीतून थेट आलेली, आधी कुणाच्या घरी न गेलेली. तरी ती धुवावीशी वाटली, कारण ती आणून देणाऱ्याचा हात तिला लागलेला होता. भीती त्या दिवसांत समजण्यासारखी होती. पण कोरेपणाचा पाठलाग कुठे संपतो, किंबहुना संपतच नाही, हे त्यातून स्वच्छ कळलं. धुणं कुणालाच चुकत नाही. फक्त ते सगळ्यांसाठी एकदा नीट करायचं, की प्रत्येकानं आपल्यापुरतं भीतीनं करायचं, एवढं ठरवायचं असतं.

आता मुंबई-पुण्यात काचेची बाटली परत आली आहे, पण वेगळ्या वेशात. देशी गाईचं ‘ए-टू’ दूध, ॲपवरून नोंदणी, साध्या दुधापेक्षा कितीतरी जास्त दर आणि वर ‘मानवी हाताचा स्पर्श न झालेलं’ अशी ग्वाही. यातल्या ज्या डेऱ्या बाटल्या खरोखर परत नेतात, धुतात आणि भरतात, त्या मोलाचं काम करत आहेत. ग्वाहीचे शब्द मात्र काळजी वाढवणारे आहेत. दूध काढणारा, वाहणारा, बाटली धुणारा, पहाटे पाचला सोसायटीच्या वेगळ्या लिफ्टनं वर येऊन दाराशी ठेवणारा, या सगळ्यांचे हात पुसून टाकले की जे उरतं त्याला शुद्ध म्हणणं, हे महाडच्या १०८ घागरींच्या फार जवळ जातं. आरेची बाटली मोठी होती, कारण ती कुणाच्याही घरून येऊ शकत होती. मोजक्या उंच इमारतींमध्येच फिरणाऱ्या बाटलीत काच तीच असली, तरी तो गुण नाही.

जर्मनीत दुधाच्या फिरत्या काचेच्या बाटलीवर १५ सेंटची अनामत असते आणि अनेक डेऱ्या एकाच ठरलेल्या आकाराची बाटली वापरतात. एका डेरीची बाटली दुसरीकडे धुऊन भरली जाऊ शकते, त्यामुळे रिकाम्या बाटलीला मूळ गावापर्यंत परतीचा प्रवास करावा लागत नाही. यासाठी कंपन्यांना एक गोष्ट सोडावी लागते: आपल्या खास आकाराच्या बाटलीचा मोह. महाराष्ट्राला हे परकं नाही. सोड्याच्या आणि थंड पेयांच्या परतीच्या बाटल्या गावोगावच्या टपऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या फिरल्या. माणसं उभ्या उभ्या पिऊन रिकामी बाटली क्रेटमध्ये ठेवत आली. २०१८ साली राज्यानं प्लास्टिकबंदी केली तेव्हा दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली ती त्या परत घेण्याच्या अटीवर, पिशवीमागे किमान ५० पैसे ग्राहकाला देऊन. तत्त्व बरोबर होतं: वस्तूचा धागा घर आणि डेरी यांच्यामध्ये तुटू नये. पण हे तत्त्व फक्त अधिसूचनेत राहून भागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रिकाम्या पिशव्या मोजायला, ठेवायला आणि परत पाठवायला जागा आणि मोबदला लागतो. कोल्हापूर, सांगली, संगमनेर, बारामती या भागांत सहकारी दूध संघांचं जाळं आहे, आणि त्यांच्या टापूतल्या शहरांना दूध फार लांबून येत नाही. अशा शहरांसाठी सगळ्या संघांची मिळून एकच बाटली, एकच अनामत आणि मधोमध एक धुण्याचं केंद्र, हा विचार करता येण्याजोगा आहे. लांबच्या, अडचणीच्या ठिकाणी खोकं जावं, पण त्याच्याही परतीची वाट त्याच्या किमतीत धरलेली असावी, आणि त्या वाटेवर काम करणाऱ्या बाईला हातमोजे, ओळखपत्र आणि ठरलेला मेहनताना मिळावा. तसं केंद्र उभं राहिलं, तर तिथल्या उजळ पडद्यासमोर बसायची पहिली नोकरी कागद काच पत्र्याच्या कामात हात मुरलेल्या बायांना मिळायला हवी. टवका आणि भेग त्यांच्याइतकी लवकर दुसऱ्या कुणाला दिसेल असं वाटत नाही.